शून्य मैलापासून

सीताबर्डीच्या किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर शून्य मैलाचा दगडी स्तंभ उभा आहे. इंग्रजी राजवटीत देशाची मोजणी झाली, त्या काळाची ही खूण. हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल अशी अंतरे त्यावर कोरलेली आहेत. इतिहास शिकवण्याच्या निमित्ताने आम्ही अनेक वर्षे विद्यार्थ्यांना हा स्तंभ दाखवायला नेत आलो. गेली दोन वर्षे मात्र आम्ही तेथे निराळ्या कारणासाठी जातो. वयाच्या बावन्नाव्या वर्षी आम्ही हौशी सायकल शर्यतीचा सराव सुरू केला आणि पहाटे साडेपाचला आमची सायकल या स्तंभापासूनच निघते.

विद्यालयाच्या स्मरणिकेत हा विषय काहींना अस्थानी वाटेल. परंतु या निमित्ताने आम्हांला एक जुनी चूक कबूल करायची आहे आणि संस्थेपुढे एक मागणी ठेवायची आहे.

पंचवीसएक वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहात नववीतला एक विद्यार्थी होता. स्वयंपाकघराची जुनी काळी सायकल घेऊन तो आठवड्यातून दोनदा बर्डीच्या बाजारातून भाजी आणी. मागे पोते, हँडलला दोन पिशव्या, तरीही तो इतरांच्या अर्ध्या वेळात परते. एके दिवशी शहरात होणाऱ्या सायकल शर्यतीचे पत्रक घेऊन तो आमच्याकडे आला आणि भाग घेण्याची परवानगी मागू लागला. आम्ही म्हणालो, "बाळा, सायकल शाळेत पोहोचण्यासाठी असते. शर्यती ज्यांना परवडतात त्यांच्यासाठी. तू दहावीकडे लक्ष दे." त्याने पत्रकाची घडी केली, "हो सर" म्हटले आणि तो निघून गेला. पुढे तो चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला, नोकरीला लागला. आमचे बरोबर होते, असे आम्ही वर्षानुवर्षे समजत राहिलो.

आमच्या पिढीला सायकल खेळ म्हणून भेटलीच नाही. दांडीखालून पाय घालून आम्ही ती शिकलो. वडील तिच्यावरून गिरणीत जात, आम्ही दळण आणत असू. स्कूटर घेता आली तेव्हा सायकल घराबाहेर गेली आणि आपण वर आलो असे वाटले. कष्टाची खूण असलेल्या वस्तूचा आनंद घेता येतो, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. म्हणून आम्हीही ते कोणाला सांगितले नाही.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी वाढलेल्या साखरेबद्दल बजावले, तेव्हा एका माजी विद्यार्थ्याने आपली जुनी गिअरची सायकल आम्हांला दिली. पहिल्याच आठवड्यात आम्ही जोशात रोज पंचवीस किलोमीटर चालवले. दहाव्या दिवशी गुडघा धरला आणि तीन आठवडे घरी बसावे लागले. शिकण्याची खरी सुरुवात त्यानंतर झाली.

आमची सीट फार खाली होती. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवावी. पॅडल सर्वांत खाली असताना पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. म्हणजे पंजाने पॅडल मारताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. दुसरी चूक जड गिअरची. नवशिक्याला जड गिअर ओढणे म्हणजे ताकद वाटते. जाणते सायकलपटू हलक्या गिअरमध्ये पाय भरभर फिरवतात. एका पायाचे फेरे पंधरा सेकंद मोजावेत, वीस ते बावीस भरले की गती योग्य.

तिसरी चूक घाईची. सरावाचा बराचसा भाग संथच असावा लागतो, सोबत्याशी सलग वाक्यात बोलता येईल इतका संथ. आठवड्याचे अंतर फार तर दहा टक्क्यांनी वाढवावे आणि दर चौथा आठवडा हलका ठेवावा. असे दोन-तीन महिने गेले की आठवड्यातून एक दिवस जोराचा. आम्ही त्या दिवशी सेमिनरी हिल्सचा चढ चार वेळा चढतो आणि दोन चढांच्या मध्ये श्वास पूर्ण बसू देतो. स्नायू बळकट होतात ते विश्रांतीत, हे आम्हांला पन्नाशीनंतर कळले. भगवान बुद्धांनी सोण नावाच्या अतिउत्साही भिक्खूला वीणेच्या तारेचा दाखला दिला होता: फार ताणली तरी सूर नाही, सैल सोडली तरी नाही. हा दाखला आम्ही वर्गात कितीदा तरी सांगितला असेल. गुडघा दुखल्यावर तो समजला.

नागपूरच्या उन्हाचे वेगळे शास्त्र आहे. एप्रिल-मे महिन्यांत आठच्या आत घरी परतावे. पाणी तहान लागण्याआधी प्यावे, त्यात चिमूटभर मीठ आणि साखर असावी. दीड-दोन तास जोराने चालवले की शरीरातील साठवलेली साखर संपत येते आणि पाय एकाएकी गळतात. म्हणून तासाभराने केळे किंवा शेंगदाण्याची चिक्की खावी. यासाठी महागडी पाकिटे लागत नाहीत.

सर्वांत मोठा धडा मात्र समूहाचा. रस्त्यावरील शर्यतीत स्वार एकामागे एक चालतात. पुढचा वारा कापतो, मागच्याचे श्रम पाव ते तृतीयांशाने वाचतात. म्हणून आळीपाळीने पुढे यावे लागते. खड्डा दिसला की पुढच्याने हाताने खूण करायची, ओरडून सांगायचे. अचानक ब्रेक दाबायचा नाही, रेषा सोडायची नाही. एकाचा निष्काळजीपणा दहा जणांना पाडतो. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये ज्याला हरवायचे, त्याचाच वारा त्याआधी पन्नास किलोमीटर अडवून धरायचा, असा हा खेळ आहे. सहजीवन शिकवण्याचा दावा करणाऱ्या निवासी शाळेला याहून चांगला वर्ग कोठे मिळेल?

आक्षेप येतील, त्यांचा विचार झाला पाहिजे. पहिला खर्चाचा. शर्यतीच्या सायकलींच्या किमती लाखांत जातात, हे खरे. पण पहिल्या वर्षाचा सराव साध्या, नीट दुरुस्त केलेल्या सायकलीवर होतो. दुसरा धोक्याचा. हा आक्षेप आम्ही सर्वांत गंभीर मानतो. म्हणून पहिले तीन महिने मैदानातच सरळ रेषेत चालवणे, ब्रेक, खुणा आणि वळणे शिकवावीत. रस्त्यावर जायचे ते पहाटे, हेल्मेट आणि दिव्यांसह, पुढे-मागे मोठी माणसे ठेवूनच. तिसरा अभ्यासाचा. आठवड्याला चार-पाच तास हा त्याचा हिशेब आहे. तेवढ्याने दहावी बुडत नाही, उलट पहाटे उठणारा मुलगा रात्री मोबाईल लवकर ठेवतो.

चौथा आक्षेप कोणी उघड बोलत नाही: हे आपले क्षेत्र नव्हे. त्याला इतिहास उत्तर देतो. १८९४ मध्ये अमेरिकेतील सायकलस्वारांच्या मोठ्या संघटनेने कृष्णवर्णीयांना सदस्यत्वाची दारे बंद केली. इंडियानापोलिसच्या सायकल दुकानांत कामाला असलेला एक कृष्णवर्णीय मुलगा, मार्शल 'मेजर' टेलर, १८९९ मध्ये माँट्रियल येथे एक मैलाच्या शर्यतीत जगज्जेता झाला. त्या बंदीचा संघटनेने रीतसर धिक्कार केला तो १९९९ मध्ये, म्हणजे त्याच्या विजयाला शंभर वर्षे झाल्यावर. दार उघडण्याची वाट पाहत बसला असता, तर टेलर कधीच धावला नसता.

आणि उदाहरणासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून महाराष्ट्र मान देत आला आहे. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजार किलोमीटरहून लांबची शर्यतही त्यांनी पार केली. ज्या रस्त्यांवर आपली मुले भाजी आणतात, त्याच शहरातली ही गोष्ट आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. विद्यालयाने येत्या सत्रापासून दहा सायकलींचे सराव पथक सुरू करावे. त्यात पाच मुली असाव्यात. माजी विद्यार्थ्यांनी घरात धूळ खात पडलेल्या सायकली द्याव्यात, ज्यांचे दुरुस्तीचे दुकान आहे त्यांनी महिन्यातून एक रविवार द्यावा. पालकांनी परवानगी द्यावी आणि एखाद्या पहाटे स्वतः पाहायला यावे. वर्षअखेरीस काटोल मार्गाने चिचोलीच्या शांतिवनापर्यंत पथकाची पहिली फेरी व्हावी. मुले जिंकतील की नाही, हा नंतरचा प्रश्न. शर्यतीच्या रेषेवर उभे राहण्याचा आपल्यालाही हक्क आहे, हे त्यांना पंधराव्या वर्षी कळावे. आमच्यासारखे बावन्नाव्या वर्षी नको.

तो विद्यार्थी गेल्या वर्षी मेळाव्याला आला होता. आम्ही त्याला पत्रकाची आठवण दिली. तो हसला, म्हणाला, "सर, ते अजून माझ्याकडे आहे." आम्हांला काही बोलता आले नाही. पथकाच्या पहिल्या फेरीला त्याने पुढे राहून वारा कापावा, अशी आमची इच्छा आहे. आम्ही मागे राहू.