सूपाला साय नको, कण्या हव्यात

सॉसेज आणि भाताचं दाट सूप घरी करायचं म्हटलं की हल्ली खरेदीची यादी ठरलेली असते. गोठवलेल्या चिकन सॉसेजचं पाकीट, फ्रेश क्रीमचा डबा, कॉर्नफ्लॉवर, चीज आणि सूपचे क्यूब. हुबळीतल्या कुठल्याही मोठ्या दुकानात हे सगळं एका फेरीत मिळतं. शहराला लागून असलेल्या तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत पाळी संपवून खोलीवर परतणाऱ्या कामगाराला असं सूप सोयीचंच आहे. एक शेगडी, एक पातेलं आणि तासाभरात पोटभर जेवण. सोय खरी आहे, यादी मात्र चुकली आहे. या सूपाचा दाटपणा तांदळातच असतो. चव येते ती मूठभर चोरीसातून, म्हणजे गोव्याच्या मसालेदार सॉसेजमधून. आणि पेज व चोरीस हे दोन्ही पदार्थ ज्या गोव्यात पिढ्यानपिढ्या रोजच्या जेवणात आहेत, तो गोवा इथून घाट उतरला की आलाच.

गोव्याच्या चोरीसाची घडण आधी नीट पाहायला हवी. डुकराचं मांस आणि चरबी यांचे बारीक तुकडे करून त्यांना भरपूर मीठ चोळतात, पाणी निथळू देतात, उन्हात सुकवतात. मग लाल मिरची, लसूण, आलं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद आणि जिरं माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटून त्या मसाल्यात हे तुकडे मुरवतात. कुठे थोडी फेणीही पडते. मुरलेलं मांस आतड्याच्या आवरणात भरून दोऱ्यानं गाठी मारतात आणि ती माळ पुन्हा उन्हात किंवा चुलीवरच्या धुरात टांगतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात या लालभडक माळा टांगलेल्या दिसतात. मीठ, आंबटपणा, ऊन आणि धूर या चौघांनी मिळून मांस टिकवायचं, असा हा साधा व्यवहार आहे.

टिकवायचं ते पावसाळ्यासाठी. एप्रिल-मे महिन्यांत गोव्यातल्या घरांत पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, धावपळ असते. सुकी मासळी, सोलं, चिंच, मिरच्या, मिठातली कैरी आणि त्याच रांगेत चोरीस. मडगावात मे महिन्यात या बेगमीचं फेस्तच भरतं. जून उजाडला, मासेमारी थांबली, की ही शिदोरी उघडायची. शिदोरी चार महिने पुरवायची असेल तर कुणी ताटभर चोरीस खात नाही. दोन-चार मणी सोडायचे, कांद्याबटाट्यात परतायचे आणि त्यावर घरातली पाच-सहा माणसं जेवायची. मांस थोडं, धान्य पुष्कळ. चोरीस हे गोव्याच्या स्वयंपाकघरात मसाल्याचं काम करत आलं आहे.

आजच्या सूपात हे प्रमाण उलटं झालं आहे, आणि आक्षेपाचं कारण हेच. पाश्चात्त्य पद्धतीच्या पाककृतीत चार ते सहा माणसांच्या सूपाला साधारण अर्धा किलो सॉसेज लागतं. ती पाककृती जशीच्या तशी उचलली की भात नावापुरता उरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ऑक्टोबर 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस हे माणसात कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज 50 ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असा त्या संस्थेचा अंदाज आहे. चोरीसही प्रक्रिया केलेलंच मांस आहे. गावठी आहे म्हणून त्याला या यादीतून सूट मिळत नाही. म्हणूनच पुरुमेंताचं प्रमाण आजही शहाणपणाचं ठरतं. चार माणसांच्या पातेल्यात 100 ग्रॅम चोरीस घातलं तर माणशी 25 ग्रॅम होतं, आणि तेही कधीमधी. एवढ्यात सूप लाल होतं, घर दरवळतं आणि कुणालाही कमी पडल्यासारखं वाटत नाही.

गोव्याची ही चव हुबळीला परकी नाही. मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा लोहमार्ग 1880 च्या दशकात झाला आणि लोंढामार्गे तो हुबळी-धारवाडशी जोडला गेला. हुबळीला रेल्वेचा कारखाना उभा राहिला आणि रेल्वेच्या नोकरीसाठी गोव्याकडची माणसं इथे आली. 1955 साली भारत सरकारनं पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा कॅसलरॉकवरून पलीकडे जाणारी गाडी बंद झाली. 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर वाट पुन्हा मोकळी झाली. आज हुबळी हे नैर्ऋत्य रेल्वेचं मुख्यालय आहे. झणझणीत रश्श्याची आवड तर या शहराच्या अंगातच आहे. सावजी खानावळीतला लाल तवंगाचा रस्सा इथे लोक आवडीनं ओरपतात. जीभ तयार आहे. फक्त त्या तवंगाखाली पातळ पाण्याऐवजी मऊसूत पेज घालायची आहे.

आता दाटपणाकडे वळू. क्रीम आणि कॉर्नफ्लॉवर यांची गरज ज्यांना वाटते त्यांनी तांदळाकडे पुरेसं पाहिलेलं नाही. तांदळाच्या पिठूळपणात दोन घटक असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असेल तर शीत मोकळं राहतं, कमी असेल तर चिकट आणि मऊ होतं. बासमती मोकळी राहते ती याच कारणानं, आणि म्हणूनच ती सूपाला निरुपयोगी. इंद्रायणी आणि आंबेमोहर हे या कामाचे तांदूळ. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहर-157 आणि आयआर-8 यांच्या संकरातून तयार झालेली इंद्रायणी 1987 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली आणि तिच्या मऊ, सुवासिक भातानं घराघरात जागा मिळवली. पुण्याकडे आजाऱ्याला आणि तान्ह्याला आंबेमोहराची पेज देतात, ती याच गुणामुळे.

गोव्यातली रोजची पेज मात्र उकड्या तांदळाची. भात टरफलासकट उकडून वाळवला जातो तेव्हा दाण्यातलं पीठ एकदा शिजून घट्ट बसतं. असा दाणा पुन्हा शिजवला तरी सहजी फुटत नाही. म्हणून उकड्याची पेज म्हणजे टपोरी शितं आणि वर निवळ पाणी. खाजणातल्या खाऱ्या मातीत तग धरणाऱ्या कोरगुट तांदळाची पेज, सोबत मिठातली कैरी किंवा भाजलेली सुकी मासळी, हे गोव्यातल्या शेतावरचं दहा-अकराचं खाणं. ते उत्तमच आहे, पण दाट सूप हवं असेल तर उकडा एकटा पुरत नाही. त्याला कण्यांची जोड द्यावी लागते.

कण्या म्हणजे गिरणीत तुटलेला तांदूळ. दुकानदार तो स्वस्तात विकतो आणि गिऱ्हाईक कमी प्रतीचा समजून बाजूला सारतं. सूपासाठी मात्र अख्ख्या तांदळापेक्षा कणी सरस. दाणा तुटला की पीठ बाहेर पडायला जास्त जागा मिळते, ते पाण्यात लवकर उतरतं आणि पाणी दुधासारखं होतं. धारवाड भागाला हे नव्यानं सांगायला नको. इथे जोंधळा भरडून त्याचं नुच्चू शिजवतात आणि ताक घालून खातात. मराठी मुलखात त्याच ज्वारीच्या कण्या होतात. या दोन्ही पदार्थांत थेंबभर साय नसते, तरी जिभेला ते साईसारखेच लागतात. इटलीच्या उत्तरेतले लोक रिसोतो ढवळत बसतात तेही पिठासाठीच. मोंझा शहराच्या रिसोतोत लुगानेगा नावाचं सॉसेज पडतं, आणि सॉसेज-भाताच्या त्या प्रसिद्ध पदार्थाचा दाटपणा मुळात तांदळाचाच.

प्रत्यक्ष कृती अवघड नाही. चार माणसांसाठी एक वाटी इंद्रायणी घ्यावी. त्यातली अर्धी भिजवून, निथळून, हातानं किंवा खलबत्त्यात जाडसर मोडावी. तयार कण्या मिळाल्या तर अर्धी वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी कण्या. चोरीसाचे दोरे कापून आवरण सोलून टाकावं. जाड बुडाच्या पातेल्यात तेल न घालता मंद आचेवर चोरीस सोडावं. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच घडत नाही. मग चरबीच्या पांढऱ्या कडा काचेसारख्या होतात, पातेल्याच्या बुडाशी तांबडी धार सुटते आणि व्हिनेगरची झणक नाकात जाते. ती झणक ओसरून लसणाचा खमंग वास वर येईपर्यंत थांबावं. ही वेळ चुकवली तर सूपात कच्चा आंबटपणा राहतो.

सुटलेली चरबी जास्त वाटली तर चमच्यानं काढून ठेवावी. दुसऱ्या दिवशी बटाटे परतायला तीच कामी येते. उरलेल्यात दोन बारीक चिरलेले कांदे गुलाबी होईतो परतावेत. एक बटाटा लहान फोडी करून घालावा. मग तांदूळ आणि कण्या दोन मिनिटं त्या लाल तेलात फिरवाव्यात आणि आठ वाट्या गरम पाणी ओतावं. पहिली उकळी फुटली की आच कमी करावी आणि पस्तीस ते चाळीस मिनिटं अधूनमधून बुडापासून ढवळत राहावं. कण्या बुडाला धरतात, म्हणून गप्पा मारायच्या तर शेगडीपाशीच. शेवटच्या पाच मिनिटांत मूठभर चिरलेला कोबी किंवा पालक. मीठ अगदी शेवटी, चव घेऊनच, कारण चोरीसात आधीच पुष्कळ मीठ असतं. प्रौढ माणसाच्या पोटात दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सूपचा क्यूब वर टाकला तर ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

क्रीमचा हट्ट धरणाऱ्यांसाठी एक गोष्ट रसायनशास्त्रातलीही आहे. चोरीसातलं व्हिनेगर आम्लधर्मी असतं. त्यात दूध पडलं की दुधातलं केसीन गोळा होतं आणि सूप नासल्यासारखं दिसतं. साईत स्निग्धांश जास्त, म्हणून ती थोडी तग धरते, पण आंबट आणि उकळत्या सूपात तिचाही भरवसा नाही. फारच मऊपणा हवा असेल तर आच बंद करून अर्धी वाटी नारळाचं दाट दूध घालावं आणि पुन्हा उकळू नये. खरं तर कण्या नीट शिजल्या असतील तर त्याचीही गरज पडत नाही.

काही काळजी मात्र घ्यायलाच हवी. गोव्याचं चोरीस मुरवलेलं असलं तरी कच्चं मांस आहे. ते पूर्ण शिजलंच पाहिजे. अर्धकच्च्या डुकराच्या मांसातून पट्टकृमी पोटात जाण्याचा धोका खरा आहे. या सूपात चोरीस परतून पुढे अर्धा तास उकळतं, हा त्याचा मोठा गुण. उरलेलं सूप रात्रभर ओट्यावर ठेवू नये. शिजलेल्या भातात उष्ण हवेत वाढणारे जिवाणू पोट बिघडवतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. सूप लवकर थंड करून फ्रीजमध्ये ठेवावं. सकाळी ते खिरीसारखं घट्ट होतं. त्यात गरम पाणी घालून उकळलं की पुन्हा पहिल्यासारखं.

गोठवलेलं चिकन सॉसेज वापरणाऱ्यांनीही पाकिटाची मागची बाजू वाचावी. तिथे आयएनएस 250 लिहिलेलं असेल तर ते सोडियम नायट्राइट; मांस टिकावं आणि गुलाबी दिसावं म्हणून घातलेलं. मांसाचं प्रमाण किती आणि मीठ किती, तेही पाहावं. उलट बाजूनं, घरगुती चोरीस विकणाऱ्यांनी माळेसोबत एक साधी चिठ्ठी द्यायला हरकत नाही: कधी केलं, कशात मुरवलं, कधीपर्यंत खावं. गोव्याबाहेरचं नवं गिऱ्हाईक चोरीसाला बिचकतं ते बहुतेक या माहितीच्या अभावीच.

आणि पेजेला आजाऱ्याचं खाणं म्हणणं आता थांबवायला हवं. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. त्यातही मिरी-जिरं घातलेली तांदळाची कांजी येते ती उपचार म्हणून. पोर्तुगालमध्ये आज घरोघर होणारं कांजा हे कोंबडी-भाताचं सूप आपल्याच कांजीवरून गेलं असं मानलं जातं, आणि तिथे ते धडधाकट माणसंही चवीनं खातात. आपणच आपल्या पेजेला पथ्याच्या कोपऱ्यात बसवून ठेवलं आणि तिचंच परदेशी रूप क्रीम घालून विकत घेऊ लागलो.

तारिहाळसारख्या वसाहतीत तर पेजेचा आणखी एक उपयोग आहे. तिथे एकाच पंगतीला डुकराचं मांस न खाणारे, मांसच न खाणारे आणि सगळं खाणारे एकत्र बसू शकतात. 1948 च्या कारखाने कायद्यानं 250 हून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद आणली, पण तिथे काय शिजावं याचा विचार कामगारांच्या जिभेपर्यंत क्वचितच पोचतो. एका मोठ्या पातेल्यात कण्यांची भाज्या घातलेली दाट पेज करावी. शेजारी, वेगळ्या कढईत आणि वेगळ्या डावानं, चोरीस कांद्यासोबत परतून ठेवावं; दुसऱ्या कढईत लसूण आणि ब्याडगी मिरचीची फोडणी. ज्याला जे चालतं ते त्यानं आपल्या वाडग्यावर घालून घ्यावं. रात्रपाळीच्या माणसाला दोन वाजता गरम, पोटाला हलकं आणि तरी भरपेट असं काही मिळालं तर त्याला बिस्किटं आणि चहावर पहाट काढावी लागणार नाही. कुठल्याही कँटीन समितीला हा प्रयोग एका रात्रीत करून पाहता येईल. त्यासाठी नवं भांडंसुद्धा विकत घ्यावं लागत नाही.