संहितेविना चर्चासत्र

पदव्युत्तर वर्गाच्या चर्चासत्रात अवघड कादंबरीची वाटणी ठरलेली असते. एकाकडे अस्तित्ववाद, दुसऱ्याकडे परात्मता, तिसऱ्याकडे संज्ञाप्रवाह. जो उरेल त्याच्याकडे भाषाशैली. निबंध वाचले जातात, अध्यक्षीय समारोप होतो आणि कादंबरीचे एकही पान कोणी मोठ्याने वाचलेले नसते. या व्यवहाराला सहवाचन म्हणणे ही शुद्ध दिशाभूल आहे.

किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४) अशा वाटणीला विशेष सोयीची ठरते. निवेदक कुशंक पुरंदरे काळाचा क्रम मोडून सांगतो आणि मधेच कोणा ‘तू’शी बोलू लागतो. या तुटकपणाला ‘विखंडित जाणीव’ असे नाव दिले की अभ्यासकाचे काम संपते. वस्तुतः ते तिथे सुरू व्हावयास हवे. ही ‘तू’ कोण, मागच्या परिच्छेदातलीच की निराळी? मराठीत क्रियापदाचा प्रत्यय याचा थोडा तरी सुगावा देतो. ‘आलीस’ आणि ‘आलास’ यांतील फरक घाईतल्या डोळ्याला चुकवतो, कानाला सहसा चुकवत नाही. एकाने गृहीत धरलेला काळ दुसरा तिथल्या तिथे अडवू शकतो: ही आठवण कोणत्या आठवणीच्या पोटातली? उत्तरासाठी मागचे पान उलटावे लागते. तिथे सिद्धान्त पुढे करून भागत नाही. शीर्षकाचेच पाहावे. पाढा ही मराठी शाळेत साऱ्या वर्गाने एका सुरात म्हणावयाची गोष्ट. सारे बेचाळीस म्हणत असता त्रेचाळीस म्हणणारा एकटा पडतो. परात्मतेवरील निबंधांना हे एकटेपण ऐकू आलेले दिसत नाही.

जॉइसची ‘युलिसिस’ १९२२ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. स्टुअर्ट गिल्बर्ट यांचा तिच्यावरील ग्रंथ १९३० साली आला, तेव्हा अमेरिकेत आणि इंग्लंडात ती बंदीमुळे उघडपणे मिळत नव्हती. म्हणून गिल्बर्ट यांनी त्यात विपुल उतारे दिले. कृतीआधी भाष्य हाती पडणे ही तिथल्या वाचकांची अगतिकता होती. मराठी विभागांवर अशी बंदी कोणी घातली आहे?

गंभीर वाचन एकट्यानेच होते, समूहात मते सरासरीवर येतात, असा आक्षेप घेतला जातो. सरासरी निघते ती निष्कर्षांची. एका वाक्यापाशी थांबलेल्या आठजणांत मतैक्य क्वचितच होते. आपले वाचन नेमके कुठे डळमळते, एवढे मात्र प्रत्येकाला कळते. दोन तासांत चार पाने होतील आणि अभ्यासक्रम मागे पडेल, ही तक्रार खरी आहे. (तो निबंधांनीही पुरा होत नाही, झाल्यासारखा वाटतो.) तरीही विभागांनी एक वर्ष चर्चासत्राच्या पत्रिकेवर निबंधांच्या विषयांऐवजी पृष्ठांक छापून पाहावेत, आणि निबंध त्यानंतर मागवावेत.