घराला इंटरनेट किती इंची?



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घरोघरी खर्चाची यादी निघते. अलीकडे त्या यादीत इंटरनेटची जोडणी आली आहे. नृसिंहवाडी, कुरुंदवाड, शिरोळ, कुठल्याही सोप्यात बसा; "दादा, शंभरचा काय घेताय, तीनशेचाच घ्या की!" हा सल्ला कानावर येतोच. आपणही मान डोलावतो. याबाबत चार शब्द स्पष्ट सांगणे आम्हाला अगत्याचे वाटते.

मोटार घेताना आपण आधी रान किती, चढ किती हे बघतो. मग अश्वशक्ती ठरवतो. इथेही तोच हिशोब करावा. इंटरनेटचा वेग 'एमबीपीएस'मध्ये, म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष बिट, असा मोजतात. टीव्हीवर एचडी चित्रपटाला सुमारे 5, तर फोर-केला सुमारे 15 पुरतात, असे नेटफ्लिक्सच सांगते. व्हिडिओ कॉलला फार तर 4. आता समजा, घरात एकाच वेळी टीव्हीवर फोर-के चित्रपट, दोन मोबाइलवर एचडी आणि पोराचा ऑनलाइन तास चालू आहे. बेरीज झाली 29. सातबारा, हवामान, पैसे पाठवणे यांना तर चिमूटभरच लागते. म्हणजे चार-पाच माणसांच्या घराला 50 ऐसपैस झाले. घरून नोकरी करणारा मुलगा मोठ्या फायली पाठवत असेल, चार कॅमेरे असतील, तर जास्त घ्या. पण तेव्हा 'अपलोड'चा वेग किती, हे आवर्जून विचारा.

मग नेट अडकते का? बहुतेक वेळा दोष घरातच असतो. राउटर ठेवायचा दगडी भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटामागे, आणि बोंब मारायची वेगाच्या नावाने! राउटरशेजारी उभे राहून वेग तपासा. तिथे पुरा आणि माजघरात तुटपुंजा असेल, तर पाटाला पाणी आहे, सरीच बुजली आहे. अशा वेळी महागडा प्लॅन घेऊन काय होणार? राउटर मधल्या खोलीत, उंचावर ठेवा.

शिवाय, वीज गेली की राउटर बंद. तेव्हा पन्नासवाला आणि तीनशेवाला सारखेच. 2019 आणि 2021 च्या महापुरात विजेविना काढलेले दिवस आपण विसरलेलो नाही. वाचलेल्या पैशात राउटरला छोटी बॅटरी आणि दुसऱ्या कंपनीचे एक सिमकार्ड घेणे शहाणपणाचे.

जादा पाणी म्हणजे जादा ऊस, असे समजून आपण पाणी सोडत राहिलो. शिरोळ तालुक्यातली चांगली रानं क्षारपड झाली आणि मग निचऱ्यासाठी जमिनीत पाइप गाडत बसलो. इंटरनेटने रान बिघडणार नाही, एवढे खरे. पण खिशातून दरमहा होणारा निचरा मात्र थांबवता येईल. तेव्हा गरज मोजा, मगच सही करा, एवढेच आमचे सांगणे.