लक्ष कुठे होतं तुझं?

रांगतं मूल पडलं, भाजलं किंवा काही गिळून बसलं की घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो आईला. "लक्ष कुठे होतं तुझं?" या एका वाक्याचा मला गेले काही महिने संताप येतो आहे, आणि तो आज इथे काढणार आहे.

झालं ते असं. फोंड्याला पुतणीच्या फ्लॅटवर गेलो होतो. तिचा मुलगा आठ महिन्यांचा, नुकताच रांगायला लागलेला. शनिवारी सकाळी देवपूजा झाली, आरती झाली, आम्ही चहा घेत बसलो. दारात सिलिंडरवाला आला म्हणून पुतणी पैसे द्यायला गेली. परत आली तर पोर देवासमोर बसलेलं, ओठांवर लाळ आणि तोंडाला कापराचा वास. अर्धी वडी जिभेवर होती, अर्धी कुठे गेली ते कळण्यासारखं नव्हतं.

कापूर हा किती वाईट पदार्थ आहे हे मला त्या दिवशी कळलं. एवढ्याशा बाळाला एखाददुसऱ्या वडीनेही झटके येऊ शकतात, आणि तेही काही मिनिटांत. पुतणीच्या सासूबाई मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला निघाल्या होत्या. पुतणीने ऐकलं नाही, मूल उचललं आणि खाली गाडीकडे धावली. डॉक्टर नंतर म्हणाले, पाजलं नाहीत तेच बरं केलंत. ओकताना झटका आला असता तर ते फुप्फुसात गेलं असतं. एक रात्र देखरेखीखाली ठेवलं, काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी बाळराजे हसत घरी.

आणि मग घरी कोर्ट बसलं. लक्ष कुठे होतं तुझं? दिवसभर मोबाईल. आजकालच्या मुली... सासूबाईंनी तर ठेवणीतलं काढलं, "आमचीं भुरगीं कशीं वाडलीं?" पुतणी मान खाली घालून बसली होती. मीही गप्प बसलो होतो. आता सांगून टाकतो. वडीलधारा म्हणून त्या दिवशी आरती माझ्या हातून झाली होती, आणि कापराची डबी पाटावर उघडी टाकून चहाला उठलो तो मी होतो. मला कुणी काही विचारलं नाही. विचारणारही नव्हतं.

आता त्या "आमची मुलं कशी वाढली" कडे वळू. माझ्या आजीला नऊ मुलं झाली, वाढली सहा. दोन तापाने गेली. तिसरा रांगता होता, न्हाणीत पाण्याने भरून ठेवलेल्या घंगाळात गेला. हे आजीने मला एकदाच सांगितलं, तेही नारळ खवता खवता, मान वर न करता. त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही. आमच्या घरात 'आमची मुलं कशी वाढली' हे सांगताना मोजली जातात ती सहा. घंगाळातला मोजला जात नाही, त्याला 'नशिबात नव्हतं' म्हणतात. पुढची सहा वाढली ती आजीने डोळ्यांत तेल घातलं म्हणून की घंगाळ पालथं घालून ठेवायला ती शिकली म्हणून? मला विचाराल तर दुसरं.

लक्ष ही मोठी फसवी वस्तू आहे. माणूस कामाच्या पाच-सात मिनिटांत लक्ष देऊ शकतो. दिवसाचे चौदा तास, महिनोन्‌महिने, रात्री तीनदा उठून झाल्यावर देऊ शकत नाही. बँकेतला कॅशियरही नुसत्या लक्षावर अवलंबून राहत नाही, तिजोरीला कुलूप घालतो. बाळाच्या बाबतीत मात्र कुलूप नको, आईचे डोळे पुरेत, असा आपला हिशेब. त्यातून जुन्या घरात ते डोळे आठ-दहा होते. सोप्यावर आजोबा, माजघरात आत्या, राजांगणात कोणीतरी कायम काहीतरी वाळत घालत बसलेलं. आज फ्लॅटमध्ये दुपारी बारा वाजता डोळ्यांची एकच जोडी असते, आणि तिलाच कुकर बघायचा असतो.

जुन्या घराचे गोडवे मी गाणार नाही, पण त्यात काही गोष्टी शहाणपणाच्या होत्या. उंबरठे उंच, रांगतं मूल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाईपर्यंत कुणाला तरी दिसायचं. पणती कोनाड्यात, जमिनीपासून वर. आदोळी वापरून झाली की पातं भिंतीकडे करून आडवी ठेवलेली. विजेची बटणं माणसाच्या छातीइतकी उंच. आता फ्लॅटमध्ये उंबरठा गेला, जमीन सपाट गुळगुळीत झाली, देव जागेअभावी पाटावर आले, आणि विजेची सॉकेटं टीव्हीची वायर दिसू नये म्हणून वीतभर उंचीवर, बरोबर बाळाच्या नाकासमोर! बाल्कनीला आडव्या नळ्यांचं रेलिंग. दिसायला छान, मुलाला आयती शिडी. ही घरं आईने बांधलेली नाहीत. पण जाब तिलाच.

दुसरा प्रकार बाजाराचा. दुबईच्या मामाने फोमचे कोपरे, दारात लावायची रंगीत बेडकं आणि वॉकर पाठवलं. वॉकर! चाकांचं, मध्ये बाळ अडकवायचं ते. आपल्या पांगुळगाड्याशी याचं काही नातं नाही. पांगुळगाडा मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं. वॉकरमधलं मूल लोंबकळत असतं आणि एका क्षणात खोली पार करून जिन्यापाशी किंवा टेबलावरच्या चहापाशी पोचतं. चालायला त्याने लवकर येतं हाही गैरसमज. कॅनडाने २००४ सालापासून त्याची विक्री आणि आयात बंद केली, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना बंदी मागते आहे, आणि आपण ते बारशाला रिबीन बांधून देतो. फोमच्या कोपऱ्यांनी फार तर टेंगूळ वाचतं. ते लावावेत, माझी हरकत नाही. पण ते लावून घर सुरक्षित झालं असं समजणारे लोक बघितले की हसू येत नाही.

कारण आपल्या घरात धोका असतो तो वेगळ्याच ठिकाणी. पाण्याच्या बाटलीत आपण काय काय भरतो ते आठवा. फिनेल, रॉकेल, टर्पेंटाइन, आणि एप्रिल-मे महिन्यांत गावाहून आलेला हुर्राक. सगळं त्याच बाटलीत, बहुधा ओट्याखाली. रॉकेल पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, हेही अनेकांना ठाऊक नसतं. अंगणात वाळत घातलेल्या काजूच्या बिया. सालीतल्या तेलाने मोठ्या माणसाचे हात सोलतात, तर तोंडाचं काय होईल? आजोबांच्या डब्यातलं सुपारीचं खांड, चिंचोका, चतुर्थीला माटोळीतून गळून पडलेलं फळ. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या. आणि रिमोटमधला, खेळण्यातला तो बटणासारखा सेल. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून जाळतो, आणि बाहेरून मूल नुसतं किरकिरं वाटतं. गिळल्याची शंका जरी आली तरी केळं भरवून वाट बघत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

न्हाणीतली बादली तर सगळ्यात वाईट. चार बोटं पाणी पुरतं. बाळाचं डोकं जड, वाकलं की तोल पुढे जातो आणि परत वर येता येत नाही. ओरडत नाही, आवाज होत नाही. नळाला पाणी दिवसाआड, म्हणून आपण बादल्या भरून ठेवतो. ठेवायचंच तर झाकणाच्या पिंपात ठेवा आणि न्हाणीला बाहेरून, वरच्या बाजूला कडी लावा. एका कडीला किती पैसे पडतात? वॉकरपेक्षा नक्की कमी. परसात विहीर असेल आणि कठडा गुडघ्याएवढा असेल तर जाळी बसवून घ्या, गावच्या घरी सुट्टीत चार दिवसांसाठी जात असलात तरी. आणि वायरमनला बोलावून वीज गळली की आपोआप तुटते ती यंत्रणा, तीस मिलिअँपिअरची, बोर्डावर आहे का ते एकदा तपासा. आमच्याकडे नव्हती.

मी स्वतः एक उद्योग केला, तो सुचवतो. बासष्टाव्या वर्षी पुतणीच्या हॉलमध्ये पालथा पडलो आणि कोपरांवर सरपटत सगळं घर फिरलो. सासूबाईंना वाटलं मला काही झालं. सोफ्याखाली एक रुपयाचं नाणं, पेनाचं टोपण आणि अर्धी सुपारी मिळाली. टेबलावरून लोंबणारा टेबलक्लॉथ, त्यावर चहाचा थर्मास. इस्त्रीची वायर. बटण चालू असलेला मोबाईलचा चार्जर, दुसरं टोक जमिनीवर. टीव्ही नुसता स्टँडवर, भिंतीला बांधलेला नाही. हे घर मी वर्षभर बघत होतो, पण उभ्याने.

ही यादी करायला जावई हवा होता, आजोबा हवे होते, मी हवा होतो. एका रविवारचं काम. ते कुणी केलं नाही, आणि मग सगळे मिळून तिला विचारत बसलो, लक्ष कुठे होतं?

गेल्या महिन्यात सुतार बोलावून देव्हारा भिंतीवर चढवला. सासूबाई पहिल्यांदा कुरकुरल्या, एवढ्या उंचीवर त्यांना फुलं वाहता येत नाहीत म्हणून. आता पायाखाली एक स्टूल घेतात, आणि पूजा झाली की ते स्टूल आपल्या खोलीत नेऊन दार लावून घेतात. मी कापराची डबी मागितली तर ती काढून देतात, आणि आरती संपेपर्यंत हात पुढे करून उभ्या राहतात.