वहीतील वीज आणि तारेतील वीज

नागपूरहून पूर्वेकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर मौदा मागे पडले की भंडाऱ्याच्या अलीकडे शहापूर लागते. शेजारी जवाहरनगरची आयुध निर्माणी, चहूकडे धानाची बांधी आणि जिल्हाभर पसरलेले तलाव. नववी-दहावीच्या मुलांना तरंग, चुंबकत्व आणि वीज शिकवावी, तर याहून सोयीची भूमी शोधूनही सापडणार नाही. तरीही या भागातील, किंबहुना उभ्या महाराष्ट्रातील, बहुसंख्य मुलांना हे तीन विषय भेटतात ते फळ्यावरच्या सूत्रांत आणि मार्गदर्शकातल्या ठळक अक्षरांत. परीक्षा संपली की ती सूत्रे वहीबरोबर रद्दीत जातात.

२४ जानेवारी २०२५ च्या सकाळी याच आयुध निर्माणीत भीषण स्फोट झाला. कामगारांचे प्राण गेले आणि परिसरातील गावे हादरली. दुःखाच्या त्या प्रसंगात कोणी पदार्थविज्ञानाचा विचार करावा अशी अपेक्षा नाही. परंतु त्यानंतरच्या दिवसांत मुलांच्या मनात प्रश्न आलेच असतील. एवढ्या दूर हादरा कसा पोहोचतो? हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. जमिनीतून कंपने त्याच्या कितीतरी पट वेगाने जातात. म्हणून दूरच्या घरात भांडे आधी थरथरते आणि आवाज मागाहून येतो. नववीच्या पुस्तकातील ‘ध्वनीचा अभ्यास’ हा धडा असा उंबरठ्यापाशी येऊन उभा राहिला असता, त्याला आत घ्यायचे की नाही हे शाळेच्या हाती असते. रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकलेल्या बाईला वीज चमकल्यापासून गडगडाट होईपर्यंतचे सेकंद मोजता आले, तर तीन सेकंदांना एक किलोमीटर या हिशेबाने धोका किती जवळ आहे ते तिला कळेल. हा हिशेब तिच्या घरातील नववीच्या मुलाने तिला सांगायचा असतो. सांगतो का?

तरंगांविषयी आणखी एक गोष्ट. चंद्रशेखर व्यंकट रामन अर्थखात्याच्या नोकरीत असताना १९१० च्या सुमारास काही काळ नागपुरास होते. पुढे कोलकात्यास त्यांनी ज्या विषयांचा ध्यास घेतला, त्यांत आपली वाद्ये होती. साध्या ताणलेल्या चामड्यावर थाप मारली, तर निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणूनच ढोलाला सूर सापडत नाही. तबल्याच्या आणि मृदंगाच्या पुडीवर मधोमध शाई चढविली, की तेच उपस्वर एक, दोन, तीन अशा पटींत येतात आणि चामडे गाऊ लागते. रामन यांनी १९२० मध्ये हे ‘नेचर’ या नियतकालिकातून जगापुढे मांडले. आपल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या कानाने साधलेली ही विद्या आहे. गावोगाव भजनी मंडळे असताना तरंगांचा धडा इंग्रजी शब्दांच्या व्याख्येपासून सुरू करणे म्हणजे दारातली विहीर सोडून नळाची वाट पाहणे होय.

येथे माध्यमाचा प्रश्न येतो. मराठी शाळांतून ‘सेमी इंग्रजी’चे लोण गेल्या काही वर्षांत खेड्यांपर्यंत पोहोचले. पालकांचा हेतू वाईट नाही. मूल पुढे मागे पडू नये एवढेच त्यांना हवे असते. परंतु ‘फ्रिक्वेन्सी’ हा शब्द पाठ करणाऱ्या मुलाला ‘वारंवारता’ म्हटल्याबरोबर जे उमगते, ते त्याला नाकारून आपण काय मिळवितो? ‘चुंबक’ हा शब्द तर स्वतःच व्याख्या आहे. लोखंडाला बिलगणारा तो चुंबक. सुश्रुताने शरीरात रुतलेले शल्य काढण्याच्या उपायांत अयस्कांताचा, म्हणजे लोहचुंबकाचा, उल्लेख केला आहे. अर्थात त्यावरून आपल्या पूर्वजांना विद्युतचुंबकत्व ठाऊक होते असे सिद्ध करू पाहणारे उत्साही लोक विज्ञानाचे आणि सुश्रुताचेही नुकसानच करतात. तारेतून वीज वाहिली की होकायंत्राची सुई हलते, हे दाखविले ते ओर्स्टेडने, १८२० साली. श्रेय ज्याचे त्याला दिल्याने आपले काही कमी होत नाही.

आणि मराठीचा आग्रह धरणाऱ्यांनीही हे मान्य केले पाहिजे की ‘विभवांतर’ हा शब्द समजावून न देता लिहून दिला, तर तो इंग्रजी शब्दाइतकाच परका राहतो. गोसेखुर्दच्या धरणात पाण्याची पातळी एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला खाली असते म्हणून पाणी धावते. तसे तारेच्या दोन टोकांत जे अंतर, ते विभवांतर. असे सांगणारा शिक्षक असला की शब्द आपला होतो.

महामार्गावरच्या मौद्याच्या औष्णिक केंद्रात कोळशाच्या वाफेवर फिरणारी चक्रे मिनिटाला ३,००० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ५०. घरातील विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ का, याचे उत्तर तेथे आहे. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध. पितळ चुंबकाला चिकटत नाही, हे कोणीही सांगेल. परंतु पितळी नळीतून बलवान चुंबक सोडला, तर तो दगडासारखा पडत नाही, रेंगाळत उतरतो. पडणाऱ्या चुंबकामुळे नळीत वीज निर्माण होते आणि ती त्यालाच विरोध करते. फॅरेडेचा १८३१ चा शोध असा एका मोडक्या नळीत दिसतो. खर्च नगण्य. मात्र प्रयोगवही आधी उतरवायची आणि प्रयोग जमला तर करायचा, ही रीत जेथे रुळली आहे, तेथे ही नळी कपाटातच राहणार.

या सगळ्यात खरोखर जीवावर बेतणारी गोष्ट आहे ती तारेची. रानडुकरांपासून धान वाचवायचे म्हणून कुंपणाच्या तारेत थेट घरगुती वीज सोडण्याचा प्रकार विदर्भात सर्रास घडतो. उमरेड-कऱ्हांडल्याच्या ‘जय’ या प्रसिद्ध वाघाचा बछडा ‘श्रीनिवास’ २०१७ मध्ये नागभीड तालुक्यात अशाच तारेने गेला. वाघाची बातमी होते. रात्री पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याची होतेच असे नाही. ओल्या त्वचेच्या माणसाचा रोध हजार ओहमच्या आसपास येतो. २३० व्होल्टला हजाराने भागले की उत्तर येते ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. जीव वाचविण्यासाठी घरात बसविला जाणारा गळतीरोधक खटका ३० मिलिअँपिअरलाच वीज तोडतो. हा भागाकार दहावीच्या प्रत्येक मुलाला येतो. तो आपल्या बांधावर लागू होतो, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

गंमत अशी की बाजारात मिळणारे कुंपणाचे झटका यंत्र हजारो व्होल्टचे असते, तरी ते सहसा मारत नाही. त्याचा ठोका सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरता येतो आणि मधे उसंत असते. २०१८ पासूनच्या दहावीच्या पाठ्यपुस्तकात ‘विद्युतधारेचे परिणाम’ या धड्यात उष्णतेचे सूत्र आहे: धारेचा वर्ग, रोध आणि काळ यांचा गुणाकार. त्यातला ‘काळ’ ओळीच्या शेवटी येतो आणि पाठ करताना बहुधा गिळला जातो. बांधावर माणूस वाचतो की नाही, ते बरेचसे त्याच्यावर अवलंबून असते. शहापूरच्या परिसरातील एखाद्या शिक्षकाने येत्या खरिपापूर्वी, पालकांच्या सभेत, दहावीच्या मुलांकडूनच फळ्यावर हे दोन हिशेब करवून घेतले, तर त्यासाठी कोणाच्या परवानगीची वा अनुदानाची गरज पडणार नाही.