गुराब म्हणजे कावळा

अंतराळातल्या आरमाराच्या गोष्टी मुलांना फार आवडतात. 'स्टार ट्रेक'मध्ये 'डिफायंट' नावाचे जहाज आहे. आकाराने लहान, मुख्य तोफा समोर रोखलेल्या, बांधले ते एका बलाढ्य शत्रूपासून बचाव करण्यासाठी. कागदोपत्री मात्र ते साधे सोबतीचे जहाज! कल्पना भन्नाटच आहे. पण असे खरेखुरे जहाज साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्याच किनाऱ्यावर होते, हे वसई-विरारच्या मुलांना कोण सांगणार?

त्याचे नाव गुराब. शब्द अरबी, अर्थ कावळा. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून या शब्दाचे मला विशेष प्रेम. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी तिथल्या खाडीत जहाजबांधणी सुरू केली. तेच उल्हास नदीचे पाणी पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. नायगाव-भाईंदरच्या पुलावरून लोकलने आपण रोज ते ओलांडतो.

गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत आणि नाळेवर पुढे रोखलेल्या तोफा. सोबत वल्ह्यांवर चालणारी गलबते. वारा पडला की शिडांची मोठी जहाजे जागच्या जागी अडकत. गलबते मात्र चालत राहत आणि गुराबेलाही ओढून नेत. शत्रूच्या तोफा आडव्या बाजूंना, म्हणून हल्ला मागून करायचा. समोरच्याइतकी मोठी जहाजे आपल्याकडे नाहीत, हे ओळखून आखलेली ही युद्धनीती होती.

१६७९ मध्ये तिचा कस लागला. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर मायनाक भंडारी तटबंदी उभारत होता आणि इंग्रजांनी नाकेबंदी केली होती. तरीही छोट्या होड्या रात्री रसद पोहोचवत राहिल्या. ऑक्टोबरात दौलतखानाच्या आरमाराने चाल केली आणि इंग्रजांचे 'डव्ह' जहाज पकडले. पुढे जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांच्या बाजूने आला आणि शेजारच्या उंदेरीवर बसला. अखेर १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह केला. खांदेरी महाराजांकडेच राहिले.

म्हणजे या लढाईत मुसलमान दोन्ही बाजूंना होते. तरी वर्गात सिद्दी तेवढा शत्रू म्हणून लक्षात राहतो आणि दौलतखान 'जोड्या लावा'पुरता उरतो. दुसरीकडे आपल्यातलेच काहीजण दर शिवजयंतीला त्याचे नाव प्रमाणपत्रासारखे पुढे करतात: बघा, आमचाही एक होता! मला दोन्ही गोष्टी खटकतात. दौलतखान कुणाची निष्ठा सिद्ध करण्यासाठी लढला नाही. त्याला समुद्र कळत होता, माणसे सांभाळता येत होती, म्हणून आरमार त्याच्या हाती होते. मायनाक भंडारीचेही तेच. त्यांना आधी दर्यावर्दी म्हणून शिकवा. जात-धर्म मुले आपोआप वाचतील.

२०१९ मध्ये नौदलात आलेल्या पाणबुडीचे नाव 'खांदेरी' आहे. ते बेट वाचवणाऱ्यांची नावेही मुलांच्या तोंडी असावीत. शिक्षक मित्रांनो, यंदा निबंधाला 'गुराब' हा विषय देऊन पाहा, मराठीच्या तासाला आणि उर्दूच्याही. शब्द दोन्हीकडे तोच लिहायचा आहे.