सुट्टीतली दुखापत आणि हक्काचा पैसा

कर्जत-खालापूरचा कारखान्यातला कामगार सुट्टीच्या दिवशी पडून जायबंदी झाला की ‘कामावर नव्हतास, काही मिळणार नाही’ असे सांगून त्याची बोळवण होते. हे चूक आहे. कामगार राज्य विम्यात ठरलेल्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर डॉक्टरी दाखल्यावर पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते.

नाक्यावरच्या मजुराला ही सोय नाही. २०१५ सालची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत मिळते. पण ती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वापुरतीच. मोडलेला पाय जुळेपर्यंत चूल कशी पेटावी? शासनाने त्यालाही भत्ता द्यावा, आणि मालक बांधवांनी नोकरांची वर्गणी चुकवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.